मागून रिकामी येतेय

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाईंनी लॉजच्या काउंटरवरून इस्त्री मागून आणली, नवऱ्याचा निळा शर्ट पलंगावर अंथरला आणि त्यावर असा काही भार दिला, की आत माणूस असता तर किंचाळला असता. राग शर्टावर नव्हता. राजधानी बघायला म्हणून दोघं तीन दिवसांसाठी आली होती, त्यातले दोन दिवस फुकट गेले होते, संध्याकाळी परतीची रेल्वे होती, आणि शर्टाचा मालक बनियनवर खिडकीत उभा राहून समोरच्या थांब्यावरच्या बस न्याहाळत होता.

"बघ, पुन्हा उतरणारे आणि चढणारे एकाच दारात," मास्तर म्हणाले. "शिस्त म्हणून नाही ह्या शहरात."

"आज काचघर," बाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही. आधी काचघर."

"हो गं. जायचंच आहे."

"जायचंच आहे, जायचंच आहे म्हणता म्हणता दोन दिवस गेले."

मास्तर खिडकीबाहेर आणखी वाकले. चौदा नंबरची बस थांब्यावर आली होती आणि तिचं मागचं चाक फुटपाथपासून किती लांब राहिलं, हे त्यांना बघायचं होतं.

मास्तरीणबाई म्हणजे कुठल्या शाळेच्या बाई नव्हेत. नवरा बस कंडक्टर, कंडक्टरला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून ह्या मास्तरीण. त्यांचा स्वतःचा धंदा इस्त्रीचा. घराची पुढची खोली, तीत एक लांब टेबल, टेबलावर जुन्या चादरीची घडी आणि भिंतीला कपड्यांची गाठोडी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाई त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, त्या अजून उभ्याच आहेत. गल्लीतल्या प्रत्येक माणसाची कॉलर कुठे विरली आहे आणि कुणाच्या खिशात काय राहतं, हे त्यांना पाठ. एवढं करून ओळख कुणामुळे, तर नवऱ्याच्या खांद्यावरच्या तिकिटांच्या पिशवीमुळे. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रारींची यादी आधीच इतकी लांब होती, की ही बिचारी मागे पडली होती.

मास्तरांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण ते सांगायचं कुणी त्यांना? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभसुद्धा नीट जळला नव्हता. घरात पाहुणे आले की ते दारात उभे राहून म्हणायचे, "आत सरका, मध्ये जागा आहे." जिन्यावर माणसं भेटली तर आधी उतरणाऱ्यांना वाट. बसमध्ये मोकळी जागा असली तरी हा माणूस बसायचा नाही. दारापाशी दांड्याला टेकून उभा. आणि सगळे उतरल्याशिवाय स्वतः उतरायचा नाही.

त्यातही सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे त्यांचं ते एक वाक्य.

भरलेल्या बसच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला कंडक्टर हमखास ऐकवतो, मागून रिकामी येतेय. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, की मागून रिकामी काय, भरलेलीसुद्धा येत नाहीये. कंडक्टरलाही ठाऊक असतं. मास्तरांची गोष्ट वेगळी होती. त्यांचा ह्या वाक्यावर मनापासून विश्वास होता. नोकरीत तो खपून गेला, घरात त्याने वाट लावली. तिसऱ्या मजल्यावरची हवेशीर खोली मिळत होती, ती ह्यांनी सोडली, कारण मागून ह्याहून चांगली येणार होती. मागून आली ती नाल्याकडेची, आणि सगळा संसार तिथेच झाला. बाईंना शिलाईचं काम शिकायचं होतं, तर पुढच्या वर्षी नवा वर्ग निघतोय म्हणाले. तो अजून निघायचाच आहे. मुलगी तेवढी बापाला ओळखून होती. तिने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं आणि घरी आली ती तारीख सांगायलाच.

ही सगळी दुःखं गिळण्यासारखी होती. एक नव्हतं.

बाईंचा थोरला भाऊ, दादा, राजधानीबाहेरच्या मोठ्या बागेत कामाला होता. त्या बागेत एक काचघर आहे. लोखंडी कमानींचं, रेल्वे स्टेशनाच्या छपराएवढं उंच, आणि आत उष्ण मुलखातली झाडं. त्याच्या फुटक्या काचा काढायच्या, हिरकणीने नवी काच कापायची, बसवायची, सांध्यात पुट्टी भरायची, ह्यात दादाचा जन्म गेला. लग्न केलं नाही. बागेमागच्या एका खोलीत राहायचा. एका वर्षी त्याने बहिणीला काचघराचं चित्र असलेलं कॅलेंडर पाठवलं. वर्ष संपल्यावर बाईंनी खालच्या तारखा कापून टाकल्या, चित्र मात्र इस्त्रीच्या टेबलासमोर तसंच राहिलं. वाफेने त्याचे कोपरे वळले. दादा फोनवर दर वेळी म्हणायचा, "ये की एकदा. फाटक उघडायच्या आधी नेतो तुला आत. ऊन काचेतून कसं खाली येतं ते बघ, मग बोल." बाई मास्तरांना म्हणायच्या, जाऊ या. मास्तर म्हणायचे, जाऊ की, जरा गर्दीचे दिवस सरू देत.

मग दोन वर्षांपूर्वी फोन आला, की दादा हॉस्पिटलमध्ये आहे, ताबडतोब निघा. दोघं बसस्टँडवर आली. रेल्वे शेजारच्या मोठ्या गावाहून सुटायची, तिथवर बसने जायचं होतं. बस आली ती दारापर्यंत ठासून भरलेली. बाईंचा एक पाय पायरीवर पडलासुद्धा होता. मास्तरांनी त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना खाली घेतलं.

"एवढ्या लांब चेंगरत जाशील का? मागून रिकामी येतेय."

आली. खरंच रिकामी आली, मास्तर त्या बाबतीत खोटे ठरले नाहीत. फक्त ती आली तोवर रेल्वे निघून गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने दोघं पोचली, तेव्हा दादाला जाऊन काही तास झाले होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितलं, "रात्रीपर्यंत चांगले बोलत होते हो." म्हणजे आदल्या दिवशीची गाडी मिळाली असती, तर दादा बोलता भेटला असता. त्या खेपेला बाईंनी राजधानीतलं हॉस्पिटल तेवढं पाहिलं आणि त्या परत आल्या.

त्यावरून त्यांनी मास्तरांना एका शब्दाने काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलं असतं. मास्तरांनीही विषय काढला नाही. बाई रोज सकाळी इस्त्री तापायची वाट बघत त्या चित्राकडे बघायच्या आणि मग मास्तरांच्या शर्टाला लागायच्या.

शेवटी मुलीनेच मनावर घेतलं. तिकिटं काढली, लॉज ठरवलं, बसची दोन कार्डं घेतली, त्यातलं एक आईच्या पाकिटात स्वतःच्या हाताने ठेवलं. "काचघर बघून ये, आई. बाबांच्या नादी लागू नकोस."

बोलायला सोपं. पहिल्या दिवशी मास्तरांनी थांब्यावर उभं राहून बस सोडायला सुरुवात केली. एक सोडली, दुसरी सोडली. राजधानीच ती, तिथे रिकामी बस येणार कुठून? माणसं बसमध्ये नसली तर असतील कुठे? दुपारी कशीबशी एक मिळाली, तर मोठा चौक आला तेव्हा मास्तर आधी सगळ्यांना उतरवत बसले. "सावकाश, सावकाश, आजोबा काठी सांभाळा." सगळे उतरले, दार लागलं, आणि ही दोघं आतच. चौकातलं कारंजं बाईंनी मागच्या काचेतून लहान लहान होताना पाहिलं. बस जाऊन थांबली ती डेपोत. तिथे मास्तरांचा जीव रमला. कुणी त्यांना चहा दिला, कुणी इंजिन उघडून दाखवलं, वेळापत्रकावर चर्चा झाली. बाई तासन्‌तास टायरांच्या ढिगाशेजारी बाकावर बसून होत्या. राजधानीत येऊन काय पाहिलं म्हणून गल्लीत कुणी विचारलं, तर सांगायला डेपो होता.

दुसरा दिवस मनोऱ्यात गेला, म्हणजे मनोऱ्याखाली. वर सज्जा आहे, तिथून नदी, तिच्यावरचे पूल, संसदेचा घुमट आणि थेट पलीकडच्या टेकड्या दिसतात म्हणे. रांग होती. मास्तर म्हणाले, जरा ओसरू दे. दोघं समोरच्या कट्ट्यावर बसली. रांग ओसरली, खरं आहे. तिकिटाची खिडकी बंद झाल्यावर सगळ्याच रांगा ओसरतात.

"उद्या येऊ," मास्तर म्हणाले.

"उद्या काचघर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लॉजची वाट धरली.

तर तो हा तिसरा दिवस. शर्टाला इस्त्री झाली. बाह्यांना अशी धार, की बोट कापेल. मास्तरांनी तो घातला, खांद्याला पिशवी लावली. नोकरी गेली तरी पिशवी लागतेच. तीत पाण्याची बाटली, ब्रेड, उकडलेली अंडी, त्यांचा फोन आणि "तुझा हरवेल" म्हणून बाईंचाही फोन. सामान काउंटरवर ठेवून दोघं थांब्यावर आली.

चौदा नंबर बागेपर्यंत जायची. पहिली आली ती भरलेली.

"ही नको," मास्तर म्हणाले.

बाईंनी दात आवळले. दुसरी आली, ती तर दारातून माणसं बाहेर डोकावताहेत अशी.

"मी चढते," बाई म्हणाल्या.

"अगं, थांब जरा. मागून रिकामी येतेय. ती बघ, सिग्नलला दिसतेय."

सिग्नलला पाण्याचा टँकर होता. बाई ते सांगणार, तेवढ्यात काठी घेतलेली एक म्हातारी बसच्या पायरीशी धडपडू लागली. आतली माणसं जागची हलेनात. झालं. मास्तरांच्या अंगात कंडक्टर संचारला. ते टुणकन पायरीवर चढले, आत तोंड करून ओरडले, "पुढे सरका, मध्ये सगळी जागा आहे, ओ निळी पिशवी, सरका पुढे," मग वळून म्हातारीला हात दिला, तिला वर ओढलं, काठी आत घेतली, दार आणि पायरी मोकळी आहे ना ते पाहिलं, आणि जन्मभराच्या सवयीने बसच्या पत्र्यावर पंजाने दोन थापा मारल्या. धप, धप. "चला!"

ह्या शहरात बसवर कंडक्टर नसतो. दारात यंत्र असतं, त्याला कार्ड टेकवायचं. पण ड्रायव्हर जुन्यातला असावा. दोन थापा ऐकल्या आणि त्याने गाडी काढली.

दार लागलं. काचेमागे मास्तरांचा चेहरा दिसला. आपण काय केलं, ते त्यांना तेव्हाच कळलेलं दिसत होतं. त्यांनी एक बोट वर केलं, म्हणजे थांब, आणि बस पुलावर चढली. ज्याला ह्या बसने जायचं नव्हतं तो तिच्यातून गेला, आणि जिला जायचं होतं ती फुटपाथवर राहिली.

थांब्याशेजारी एक पेपरवाला बसला होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

"ते तुमचे होते का?" त्याने विचारलं.

"होते," बाई म्हणाल्या.

आधी त्यांना भीती वाटली. फोन नाही, पाणी नाही, अनोळखी शहर. मास्तरांचा नियम त्यांना पाठ होता: चुकामूक झाली की हलायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं, दुसरा शोधत येतो. त्या उभ्या राहिल्या. पुलावर थांबा नसतो, मास्तरांना पार पलीकडे उतरून पायी यावं लागणार. उभं राहता राहता भीती विरली आणि तिच्या जागी संताप आला. आपण कुणासाठी उभं राहायचं? ह्या माणसासाठी उभं राहण्यातच तर सगळं गेलं. आत्ता तो धापा टाकत येणार, पाणी पिणार, नव्या बसगाड्यांची दारं किती वाईट ते सांगणार, आणि मग दोघं मिळून रिकाम्या बसची वाट बघणार, ती थेट रेल्वेची वेळ होईपर्यंत.

पुढची चौदा नंबर आली. आधीच्या दोन्हींपेक्षा भरलेली.

बाईंनी पायरीवर पाय ठेवला. सवयीने त्यांचं कोपर आखडलं. पण ह्या खेपेला धरायला कुणी नव्हतं.

"ते आले तर सांगा, काचघरला गेली," त्या पेपरवाल्याला म्हणाल्या.

"आणि थांबायला हवं होतं म्हणाले तर?"

"तर म्हणावं, या मागून."

आत शिरल्यावर त्यांना कळलं, की भरलेल्या बसचं मास्तर म्हणायचे तेवढं काही नसतं. कुणाचा तरी डबा बरगडीत टोचतो, कुणाच्या तरी खांद्यावर आपलं नाक टेकतं, पण बस चालत असते. पूल ओलांडल्यावर त्यांना दांडा मिळाला, मग दोन थांब्यांनी खिडकीपाशी उभं राहायला जागा. पुलावर त्यांनी फुटपाथकडे पाहिलंच नाही. आपला माणूस उलट दिशेने पळताना दिसला, तर उतरावं लागेल ह्या भीतीने त्या सरळ समोर बघत राहिल्या.

मग त्यांना राजधानी दिसली. चढ-उताराच्या गल्ल्या, दुकानांवर दुकानं, गच्च्यांवर वाळणारे कपडे. एवढे पांढरे शर्ट त्यांनी एका जागी कधी पाहिले नव्हते. कोण करत असेल ह्यांना इस्त्री? भिंतीला टेकून गिटार वाजवणारा एक जण आणि त्याच्यापुढे नाचणारी दोन मोठी माणसं, लाज म्हणून नाही. एका वळणावर मनोरा दिसला, तिकीट न काढता. मग घरं बुटकी झाली, कारखान्यांच्या भिंती आल्या, विटांचे ढीग, रोपवाटिका, भाजीचे वाफे आणि त्यांच्यामागे टेकड्या. बसमधली माणसं उतरत गेली. बाईंना बसायला जागा मिळाली तेव्हा बाग आलीच होती. भरलेली बसच पुढे जाऊन रिकामी होते, हे ह्या कंडक्टरला एवढ्या वर्षांत कसं कळलं नाही, ह्या विचाराने त्यांना पुन्हा चीड आली.

काचघर चित्रातल्यापेक्षा मोठं होतं आणि चित्रातल्याइतकं स्वच्छ नव्हतं. दार ढकलताच वाफ तोंडावर आली, चष्मा पांढरा झाला. आयुष्य वाफेत गेलं आणि इथे तिकीट काढून वाफ, असं त्यांच्या मनात आलं. चष्मा पुसून त्यांनी वर पाहिलं. कमानीवर कमान, आणि मधल्या शेकडो काचांतून ऊन तुकड्यातुकड्यांनी खाली येत होतं. सुपाएवढ्या पानांवर, पायवाटेवर, त्यांच्या हातांवर. दादा फोनवर सांगायचा त्यात काही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

एक म्हातारा माळी नळीने पाणी मारत होता. बाईंनी त्याला विचारलं, इथे काचा बसवायला एक जण होते.

"शिडीवाले?" माळी म्हणाला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण."

माळ्याने नळ बंद केला. "इस्त्रीवाल्या का? येणार येणार म्हणायचे. एकदा तर पलीकडची ती बाजू घासून ठेवली होती तुमच्यासाठी."

"त्यांनी बसवलेल्या काचा कुठल्या?" बाईंनी विचारलं.

"आता कुठल्या म्हणून सांगू? ह्या टोकाकडून सुरुवात करायचे, त्या टोकाला पोचेपर्यंत इकडच्या गळायला लागायच्या. की पुन्हा इकडून. कितीदा फेरी झाली कोण जाणे. सगळ्या त्यांच्याच म्हणा."

बाई बाकावर बसल्या आणि रडल्या. दुःख होतंच, पण त्याहून राग जास्त होता. एका बसचा प्रश्न होता. एका भरलेल्या बसमध्ये उभ्याने जायचं होतं, आत्ता आल्या तसं. आपणही कोपर सोडवून घेतलं नाही, हा रागही त्यात होता. माळ्याने नळ पुन्हा सुरू केला. तो दुसऱ्या बाजूला जाऊन पाणी मारू लागला.

दुपार कलली. बाईंच्या सगळ्या पायवाटा दोनदा पाहून झाल्या, आणि त्या पुन्हा बाकावर येऊन बसल्या. मास्तर कुठे असतील, ही काळजी मधून मधून डोकं वर काढत होती आणि बाई तिला खाली दाबत होत्या. अशात दार करकरलं आणि मास्तर आत आले.

बाईंनी आधी शर्ट पाहिला. तीस वर्षांची नजर, ती आधी कपड्यावरच जाते. वरची दोन बटणं गायब. खिसा एका बाजूने उसवून लोंबतोय. एक बाही काळ्या ग्रीसने माखलेली, ती दाराच्या सांध्यात अडकली असणार. पाठीवर कुणाच्या तरी डब्यातल्या तेलाचा डाग. आणि सकाळच्या त्या धारदार इस्त्रीची एक रेघ शिल्लक असेल तर शपथ. पिळून तसाच टाकलेला कपडा असतो, तसा तो शर्ट होता, आणि त्यात मास्तर.

ते बाकापाशी आले. चष्म्यावर वाफ, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"थांब्यावर गेलो परत. तू नव्हतीस, पेपरवालाही जागेवर नव्हता. लॉजवर गेलो, तिथे नाही. पुन्हा थांब्यावर आलो, तेव्हा पेपरवाल्याने सांगितलं." ते दम खात होते. "दारात लटकत आलो. पूल संपेपर्यंत एकच पाय आत होता."

बाईंची नजर लोंबणाऱ्या खिशावर होती.

"मागून रिकामी येत होती," मास्तर म्हणाले. "दिसत होती मला. अगदी रिकामी."

"मग?"

"नाही थांबलो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोन वर्षं जिभेवर अडकून राहिलेलं वाक्य होतं, ते आता अडकेना.

"दादाच्या वेळी असे चढला असतात, तर तो मला बोलता भेटला असता."

मास्तर नेहमीप्रमाणे काहीतरी सांगतील, लांबचा प्रवास, तुझे पाय, गर्दी केवढी होती, ह्या तयारीने बाई बसल्या होत्या. उत्तरही तयार होतं. मास्तरांनी चष्मा काढला, त्या चुरगळलेल्या शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"हो," ते म्हणाले. "माझ्यामुळे राहिलं. मला तेव्हाच कळलं होतं. त्या रिकाम्या बसमध्ये बसल्या बसल्याच."

हे ऐकलं की आपल्याला हलकं वाटेल, असं बाईंना दोन वर्षं वाटत होतं. तसं काही झालं नाही. बैल गेला आणि झोपा केला, म्हणून बैल परत येत नसतो. पण इतके दिवस गोठा रिकामा आहे हे एकट्या त्यांनाच दिसत होतं. आता दोघांना दिसत होतं, एवढाच फरक.

"कुठल्या काचा त्याच्या?" मास्तरांनी विचारलं.

"सगळ्या."

मास्तरांनी मान वर केली. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, तोंड उघडं टाकून, खिसा लोंबतोय. आपल्याला बसायला सांगितलं नाही तरी चालेल, अशा बेताने. बाईंनी पिशवी त्यांच्या खांद्यावरून काढून घेतली, पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. अंडी पार चेंगरली होती.

"तो शर्ट रेल्वेत बसल्यावर काढून द्या," त्या म्हणाल्या. "खिसा शिवायला हवा."

घंटा झाली. काचघर बंद व्हायची वेळ. इतका वेळ झाडाझाडांत पांगलेली माणसं एकदम दाराकडे निघाली आणि दारात ही गर्दी झाली. बाहेर चौदा नंबर उभी होती, तिच्या दारातही तीच गत. मास्तर सवयीने बाजूला झाले, पाठ भिंतीला लावली, पुढच्यांना वाट करून दिली. "आधी ह्यांना जाऊ दे," त्यांनी म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाले.

बाईंनी त्यांचं कोपर धरलं आणि त्या गर्दीत घुसल्या.

"पुढे सरका," त्या पुढच्या माणसाला म्हणाल्या. "आम्हाला गाडी गाठायची आहे."